तुझ्या झाडांनी खाल्लेलं ऊन

अक्का,

काल तुझी गंधमुक्ती झाली, दिवसकार्य संपलं. पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले, मांडववाल्यानं कापड सोडलं, आणि मीही रावेरहून गाडी पकडून जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी आले. आज सकाळी चहा झाला आणि हात आपोआप फोनकडे गेला. उन्हाळ्यात या वेळेला तुझा फोन यायचाच. बरी आहेस का, जेवलीस का, काही नाही. पलीकडून थेट प्रश्न, "तठे कितलं शे वं बेबी?" तिकडे किती आहे. मी पेपरात पाहून जळगावचं तापमान सांगायचे, तू तुझ्या गावचं सांगायचीस, आणि जिच्याकडे जास्त ती जिंकली अशा थाटात आपण हसायचो. कुठल्या दुसऱ्या मुलखातल्या बहिणी उन्हावरून अशी शर्यत लावत असतील असं मला वाटत नाही.

आता मला बेबी म्हणणारंही कोणी उरलं नाही. कॉलेजात मी मॅडम, कॉलनीत मी काकू. साक्रीकडच्या आपल्या माहेरातून तुला थेट सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या मुलखात दिलं. तिथली बोली तू चार-सहा महिन्यांत उचललीस, सासरी तीच बोललीस, पण माझ्याशी मात्र शेवटपर्यंत आपली अहिराणी. मी तुला छापील मराठीत उत्तर द्यायचे. त्यावर तुझं ठरलेलं होतं, "लागना रेडिओ." रेडिओ लागला.

दहा दिवस लोक दारावर येत होते. प्रत्येक जण तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य होतंच, की अक्कांना झाडांचं भारी वेड. मी मान डोलवत होते. काय करणार, मेलेल्या माणसाच्या दारात बसून दुरुस्त्या करता येत नाहीत. पण खरं काय ते तुला-मला माहीत आहे. तुला झाडांचं वेड कधीच नव्हतं. अंगणातला शेवगा भिंतीवर कलला म्हणून तू एका सकाळी मुळापासून उपटून टाकला होतास. तुला वेड होतं गटारांचं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तू निवडून आलीस, आणि पहिल्याच ग्रामसभेत म्हणालीस की या गावातल्या बायका कपडे धुतात आणि ते पाणी तुडवत पोरं शाळेत जातात, हे मला बंद करायचंय. गटारांना निधी नव्हता. मग तालुक्याला कुणीतरी तुला सांगितलं की हवामान बदलाला तोंड देण्यासाठी सरकारनं गावागावांची स्पर्धा लावली आहे. झाडं लावा, पाणी जिरवा, सौरदिवे लावा, गुण मिळवा. पहिला नंबर आला की बक्षीस, आणि बक्षिसाचं तुम्ही गावासाठी काहीही करा. तुला हवामानाचं ह कळलं नाही, पण गटारांचा रस्ता बरोबर कळला.

झाडं लावायला जागा पुष्कळ होती, पण तुमच्या गावात शेळ्याही पुष्कळ. पहिल्या पावसात लावलेली सगळी रोपं शेळ्यांनी दिवाळीच्या आत खाल्ली. तू रावेरहून शाळेच्या खेळाच्या सामानातली शिट्टी विकत आणलीस आणि मंगळसूत्रासोबत गळ्यात घालून हिंडायला लागलीस. शेळी दिसली की शिट्टी. पुढे ग्रामसभेत पुरुष कलकलाट करायला लागले की तीच शिट्टी. प्रभाकरनाना, तुझे दीर, मला हसून सांगायचे, "बेबीताई, घरातबी वाजवते वहिनी. भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं की फुर्रर."

शिट्टीनं शेळ्या काही थांबल्या नाहीत. पण गावात एक जागा अशी होती की तिथे शेळीच काय, कुत्रंही शिरत नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळ ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत हवामान केंद्र बसवलं होतं. केंद्र म्हणजे एक लोखंडी खांब, त्यावर पांढरा डबा, पाऊस मोजायचं भांडं, छोटीशी सौरपट्टी, आणि भोवती माणसाच्या उंचीची जाळी. जाळीला कुलूप. किल्ली तुझ्या टेबलाच्या खणात. शेजारच्या टाकीचं पाणी दिवसभर त्या बाजूला सांडायचं. तुझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाळीच्या आत, चारी कडांनी, तू कडुनिंब आणि करंज लावलेस.

झाडं अशी तरारली की बघत राहावं. तपासणीला समिती आली, साहेबांनी जाळीत उभं राहून झाडांसोबत फोटो काढले, मागे तो पांढरा डबा दिसतो आहे. कोणाला काही खटकलं नाही. मी दिवाळीत आले तेव्हा तू मलाही तिथे नेलंस आणि माझाही फोटो काढायला लावलास. मलाही काही खटकलं नाही. बक्षीस मिळालं, गटारं झाली, वर उरलेल्या पैशात मुख्य रस्ता काँक्रीटचा झाला, आणि त्या काँक्रीटनं गाव आणखी तापतं म्हणून तूच सगळ्यांच्या आधी कुरकुर केलीस. पाच-सहा वर्षांत झाडं जाळीच्या वर गेली, बाहेर झुकली. जाळीबाहेर अर्ध्या रस्त्यावर सावली पडायला लागली. केळीची कटाई करणारी माणसं ट्रकची वाट बघत तिथे बसायची. अंगणवाडीतल्या बाई पोरांना तिथे आणून बसवायच्या. नानांची तर दुपारची बैठकच तिथे असायची.

तेव्हा तू कधीकधी माझ्याकडे जळगावला यायचीस. एकदा स्वयंपाकघरात पोळ्या करताना तू विचारलंस की तुझ्या त्या अर्थशास्त्रातल्या पर्यावरणाच्या धड्यात तू पोरांना शिकवतेस तरी काय. मी परातीतल्या पिठात बोटानं एक टेकाड काढलं. म्हटलं, हे बघ, देश गरीब असतो तेव्हा धूर कमी असतो. मग तो कारखाने काढतो, कमावतो, धूर वाढत वाढत इथे टोकाला जातो. पुरेसा श्रीमंत झाला की लोकांना स्वच्छ हवा हवीशी वाटते, मग धूर उतरायला लागतो. म्हणून आधी विकास, मग बाकीचं. तू पीठ लागलेल्या हातानं पदर सावरत ते टेकाड बघितलंस आणि विचारलंस, "आपण कथा शेत?" आपण कुठे आहोत. मी चढाच्या सुरुवातीला बोट ठेवलं. तू म्हणालीस, "म्हंजे आजून चढच शे बठ्ठा." अजून सगळा चढच. आणि त्याच पिठाची पोळी लाटलीस.

त्यानंतर ते वर्ष आलं. मार्चमध्येच ऊन असं पेटलं की जळगावात दुपारी रस्ते ओस पडायचे. तुमच्याकडे केळीची पानं कडेनं करपली, मग मधोमध फाटली, आणि तयार होत आलेले घड दांड्यापासून मोडून खाली पडले. नानांची एक बाग मी पाहिली. उभ्या बागेतून पलीकडचा डोंगर दिसत होता, इतकी पानं गेली होती. विमा सगळ्यांनी काढलेला होता. हा विमा बागेत येऊन नुकसान पाहत नाही. महसूल मंडळातल्या सगळ्या गावांसाठी एकच हवामान केंद्र. त्या केंद्रावर ठरलेल्या तापमानाच्या वर सलग काही दिवस गेले की सगळ्यांना भरपाई, नाही गेले तर कोणालाच नाही. शेजारच्या मंडळात भरपाई बसली. त्याच्या पलीकडच्या मंडळातही बसली. तुमच्या मंडळात नाही बसली. थोडक्यात हुकली, रोजच थोडक्यात हुकत होती.

सगळे चक्रावले. तक्रारी झाल्या, कंपनीला फोन झाले, केंद्र बिघडलंय म्हणून तपासणी झाली. केंद्र ठणठणीत होतं. मग एके दिवशी तपासणीला आलेल्या पोरानं वर बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि विचारलं की खांबाला सावली कोणी केली? गावाला उलगडा झाला. त्या रात्री म्हणे कोणी तुझ्या घराकडे आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आले.

ग्रामसभेत मी नव्हते, नानांनीच मला सांगितलं. तुझं सरपंचपद तेव्हा संपलेलं होतं, तू बायकांमध्ये मागे बसली होतीस. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती, तीही तुझ्या नावानं बोलत होती. नाना उभे राहिले. तुला वाटलं ते तुझ्या बाजूनं बोलतील. ते म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. तुमच्या झाडाईनं आमचं ऊन खाऊन टाकलं." त्यावर कोणी हसलं नाही. तुझ्या गळ्यात शिट्टी होती, तू ती वाजवली नाहीस.

पुढचं तू फोनवर मला तुकड्या-तुकड्यांनी सांगायचीस. केंद्र दुसरीकडे हलवा म्हणून अर्ज केला, तर उत्तर आलं की केंद्राची जागा बरोबरच होती, अडथळा नंतर निर्माण झाला आहे, तो दूर करावा. अडथळा म्हणजे तुझी झाडं. झाडं काढायची तर दुसऱ्या खात्याची परवानगी हवी, आणि ते खातं म्हणालं की ही स्पर्धेत जगवलेली झाडं आहेत, बक्षीस परत घेण्याचा प्रश्न येईल. तू वैतागून म्हणालीस, एक सरकार सांगतं झाडं लाव, एक सरकार सांगतं झाडं काढ, आणि दोघांची गाठ पडायला माझंच कुंपण सापडलं. मी हसले. तूही हसलीस. तेव्हा अजून हसता येत होतं.

मग थंडीत भरीत-पुरीसाठी तू मला बोलावलंस. नानांच्या शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, हिरवी वांगी भाजली, नाना आणि मी ती सोलत होतो आणि तू मिरच्या ठेचत होतीस. वाद मीच काढला. मला वादाची हौस, हे काय तुला नवीन. मी म्हटलं, अक्का, झाडं तोड. तू म्हणालीस, फांद्या छाटते. मी म्हटलं, छाटून भागणार नाही. थर्मामीटर बागेतलं ऊन मोजायला लावलंय आणि तू त्याला सावलीत बसवलंस. ऊन तर पडलंच ना? घड मोडलेच ना? मग नोंद खोटी का? तुझ्या चार झाडांसाठी दहा गावांनी नुकसान सोसायचं, हा कुठला न्याय? नाना खाली मान घालून वांगी सोलत होते. तू म्हणालीस, "म्हंजे गावनी थंड ऱ्हावानं नही? विमा पाहिजे ते बठ्ठासनी उनमा बसानं?"

मी म्हटलं, बागेतल्या नुकसानाला भाव आहे अक्का, म्हणून त्याची भरपाई मिळते. सावलीला बाजारात भाव नाही.

तू ठेचायचं थांबलीस. माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता, म्हणून मला अजून ते आठवतं. "मंग लाव ना भाव," तू म्हणालीस. "तू ते प्रोफेसर शे."

आणि मी हसले, अक्का. नानाही हसले. विषय तिथेच संपला, पुऱ्या आल्या, तू सगळ्यांना वाढलंस. भरीत झकास झालं होतं, दोनदा मागून घेतलं मी.

हे मी कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. मी चूक नव्हते. आजही मला तसं वाटत नाही, आणि तू समोर असतीस तर मी पुन्हा तोच मुद्दा मांडला असता, आवाज चढवून. नोंद खोटी होती आणि माणसं बुडत होती. माझ्या बोलण्यात खोट काढायला तुझ्याकडे काही नव्हतं. तुझ्याकडे फक्त एक प्रश्न होता, तो तू मला नीट विचारला होतास, चिडून नाही, चिडवत नाही. इतकी वर्षं मी वर्गात मुलांना म्हणते की प्रश्न विचारा, प्रश्न विचारा. माझ्या सख्ख्या बहिणीनं विचारला आणि मला तो विनोद वाटला. मला हळहळ वाटते ती एवढ्याचीच. वाद जिंकले, आणि जिंकल्यामुळे तो वाद तिथेच संपला.

झाडं तू तोडलीस तेव्हा मला आधी सांगितलं नाहीस. संक्रांत होऊन गेली होती. ग्रामसभेत ठराव तूच मांडलास, दोन्ही खात्यांच्या खेपा तूच घातल्यास, आणि बक्षिसाचं काय होईल ते मी बघते, असं लिहूनही तूच दिलंस. नानांनी सांगितलं की गावातली चार पोरं कुऱ्हाडी घेऊन तयार होती, पण तू बाहेरगावचा लाकूडतोड्या बोलावलास. गावातल्या कोणाच्या हातून व्हायला नको म्हणालीस. तोडणं चालू असताना जाळीच्या बाहेर खुर्ची टाकून बसलीस, शेवटचं झाड पडेपर्यंत. संध्याकाळी मला फोन केलास. "पाडी टाकात वं बेबी."

मी विचारलं, सगळी?

"बठ्ठा," तू म्हणालीस. "मन्हा हातनी लायेल व्हतात, मन्हा हातनीच जाऊ देत."

मी म्हटलं, बरं झालं, अक्का. योग्य केलंस. तू म्हणालीस, "लागना रेडिओ," पण हसली नाहीस.

उन्हाळा आला आणि तुझा सकाळचा फोन आला नाही. मला वाटलं उशिरा येईल. मग मला वाटलं मीच करावा. मी करायचेही, पण आपण नातवंडांबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल बोलायचो, आंब्याच्या भावाबद्दल बोलायचो. तिकडे किती, हे तू विचारायचं सोडलंस आणि मीही स्वतःहून सांगितलं नाही. आकडा हा आता आपल्या दोघींमधला खेळ राहिला नव्हता. तुमच्या गावात लोक रोज फोनवर तापमान बघत होते, अजून चढावं म्हणून.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी आले. तू खापरावरचे मांडे केले होतेस, आमरस होता. जेवण झाल्यावर आपण ओट्यावर बसलो. समोरून टाकीकडे जाणारा रस्ता पांढरा दिसत होता. कटाईची माणसं ट्रकच्या सावलीत उकिडवी बसली होती, ट्रक हलला की उठून दुसऱ्या ट्रककडे जात होती. तू ते बघत होतीस. मी तुझ्याकडे बघत होते. मला तेव्हा म्हणायचं होतं की अक्का, तू थंडीत विचारलं होतंस ना, ते मी डोक्यातून काढून टाकू शकलेले नाही. वर्गात तो धडा आला तेव्हा मी फळ्यावर टेकाड काढलं आणि तुझा प्रश्न मुलांना विचारला. सावलीला भाव कसा लावायचा? एक मुलगी म्हणाली, मॅडम, तिच्यात बसणाऱ्याला उठवून बघा, काय देतो ते कळेल. सगळा वर्ग हसला, मी नाही हसले. हे तुला सांगितलं असतं तर तू त्या मुलीचं नाव-गाव विचारलं असतंस. पण मला वाटलं, जखम ओली आहे, पुढच्या वेळी सांगू. तू म्हणालीस, झोप थोडा वेळ, संध्याकाळी उन्हं उतरली की जा. मी झोपले.

मे महिन्यात एका दुपारी तू जेवून आडवी झालीस आणि उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. उन्हानं गेली असं कोणी म्हणालं नाही, मीही म्हणणार नाही. तुला रक्तदाब होता, वय होतं, गोळ्या तू मनाला येईल तेव्हा घ्यायचीस. तुझा मुलगा पुण्याहून पोहोचायला सकाळ झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी नेलं, आणि नेईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

बायका वेशीपर्यंतच जातात. मी पुढे गेले, कोणी अडवलं नाही. तुमच्या स्मशानभूमीत सरणावर पत्र्याचं छप्पर आहे, बाकी सगळं उघडं. माणसं त्या पत्र्याच्या पट्टीभर सावलीत दाटीनं उभी होती, आणि ऊन सरकलं की सगळी मिळून थोडी सरकत होती. माझ्या चपलांखालची माती चटके देत होती. तुझ्या मुलानं अग्नी दिला. धूर उठला.

तेवढ्यात कोणाच्या तरी खिशात फोन वाजला. मग आणखी एकाच्या. मग पाच-सहा जणांच्या एकदम. कोणी फोन काढला, कोणी नुसता वाकून शेजाऱ्याच्या फोनमध्ये बघितला. आदल्या दिवसाचं तापमान गावाच्या ग्रुपवर आलं होतं. तू गेलीस तो दिवस धरून विम्याचे सलग दिवस पूर्ण झाले होते. "बसलं," कोणीतरी हळूच म्हणालं. ते दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं. माणसं तोंडावर दुःख ठेवून उभी होती, ते दुःख खरंच होतं, पण खांदे सैल पडलेले मला दिसले. आणि खोटं कशाला बोलू, माझेही पडले. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चला, नानांचं वर्ष निघालं. दुसऱ्या क्षणाला समोर तू जळत होतीस.

नाना माझ्याजवळ आले. डोळे लाल, हातात फोन. "बेबीताई, बसलं," ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "हे वहिनीले सांगाले पाह्यजे व्हतं." आणि तो धिप्पाड माणूस सगळ्या गावासमोर उन्हात बसला आणि रडला.

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. मला वाटलं, तू हे ऐकलं असतंस तर खूष झाली असतीस का? झाली असतीस, मला खात्री आहे. तुला बक्षीस आवडायचं. मग घरी येऊन दार लावून घेतलं असतंस.

काल गंधमुक्तीचं जेवण चालू असताना मी टाकीकडे जाऊन आले. जाळी आहे, खांब आहे, पांढरा डबा आहे, जमिनीलगत बुंध्यांच्या गोल खुणा आहेत. तिथलं ऊन आता अगदी खरं आहे, जसं पडतं तसं नोंदवलं जातं. माझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं झालं आहे. मी तिथे थोडा वेळही उभी राहू शकले नाही. पदर डोक्यावर ओढून परत आले, आणि पोहोचेपर्यंत डोकं भणभणत होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पण तो चांगला प्रश्न होता, अक्का. एवढं तरी मला तुला सांगायचं होतं.

आता फोन हातात आहे आणि समोर पेपर उघडा आहे. इतकी वर्षं तू आपल्या बोलीत विचारलंस आणि मी रेडिओसारखी उत्तरं दिली. आज विचारणारीच नाही, म्हणून मी विचारते. आठे भलतं ऊन तपी ऱ्हायनं. तठे कितलं शे वं, अक्का?